कवळीवालीने लावलेला कानांचा भाव

"केवढ्याला?" हा प्रश्न आमच्याकडे माणूस 'कशा आहात'च्या आधी विचारतो. उत्तर काहीही द्या, पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "जरा बघा की काहीतरी." मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत मीच किंमत थोडी खाली आणून ठेवायची. माझा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर हिरड्यांचं माप घेऊन पाठवायचे आणि त्यावरून मी दात बसवून कवळी तयार करायची. वडिलांनी शिकवलेलं काम. लग्न होऊन रत्नागिरीत आले आणि एसटी स्टँडच्या मागे एक लहानसा गाळा भाड्याने घेतला. प्लास्टरची पोती, मेणाच्या वड्या, पॉलिश करायची मोटर आणि एक प्रेशर कुकर, एवढं माझं भांडवल. कुकर भातासाठी नव्हता हो. ॲक्रिलिक दाबाखाली शिजवलं की त्यात बुडबुडे राहत नाहीत. पण सासूबाई मात्र 'सुनेने माझा कुकर दातांसाठी पळवला' असं आल्यागेल्याला सांगायच्या, आणि लोक हसायचे.

किंमत लावायची वडिलांची पद्धत सरळ होती. माल किती लागला, गॅस किती जळला, दिवसभराची मजुरी किती, त्यावर चिमूटभर नफा. झालं. आणि कवळी हातात देताना एक वाक्य, "टोचली तर या, घासून देईन." हे वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत, म्हणून मीही ते बोलत आले. लोक येत राहिले. कुणाची हिरडी उतरली, कुणाची कवळी पडून टवका उडाला, कुणी नुसत्या गप्पा मारायला यायचं आणि जाता जाता म्हणायचं, आता आलोच आहे तर इकडे जरा घासा. मी घासायची. माझी निम्मी सकाळ जुन्या कवळ्या घासण्यात जायची आणि त्याचा एक पैसा कधी कुणी दिला नाही, मी मागितलाही नाही. मागायचा असतो हेच डोक्यात नव्हतं.

नवरा मुंबईला. एका कंपनीत स्टोअरकीपर. कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता मुंबई जवळ आली. मुंबई जवळ आली खरी, पण नवरा होता तिथेच राहिला. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात चार दिवस, एवढाच आमचा संसार. मग एका मे महिन्यात त्याने हळूच विषय काढला. गाळ्याचं भाडं निघून हातात काही उरत नव्हतं हे त्याला दिसत होतं. त्याच्या कंपनीत साहेब लोक स्वखुशीने निवृत्ती घ्या म्हणून सगळ्यांच्या मागे लागले होते, पण घरात दुसरी धड मिळकत नसताना तो ती कशी घेणार? तेव्हा असं ठरलं, की पुढच्या मे महिन्यापर्यंत गाळा स्वतःच्या पायावर उभा राहिला तर राहिला. नाहीतर तो सोडायचा, घर बंद करायचं, आणि मी नि सासूबाईंनी डोंबिवलीच्या त्याच्या खोलीवर जायचं.

'ठरलं' म्हणते, पण ठरवलं त्यांनी. मी भाजी चिरत होते. सासूबाई म्हणाल्या, मला काय गो, देवळं तिकडेही आहेत. मला डोंबिवलीला जायचं नव्हतं. स्पष्ट सांगते, नवऱ्याशिवाय राहायची हौस नव्हती मला, पण हात बांधून एका खोलीत बसायची तर त्याहून नव्हती. माझ्या हाताला काम येतं, आणि काम येत असताना ते सोडून जायचं म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण तिडीक जाऊन भाडं निघत नाही, म्हणून भाजी चिरत राहिले.

कानांचं काम माझ्याकडे कवळीच्या मागून आलं. गावातल्या कानाच्या डॉक्टरांना ऐकायच्या यंत्रासाठी कानात बसणारे साचे हवे असायचे. ते मुंबईहून यायला फार दिवस लागत. त्यांनी विचारलं, तुम्ही हिरडीच्या मापावर काम करता, कानाच्या मापावर कराल का? मी म्हटलं, न करायला काय झालं. कानात दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत सरकवायचा, त्यावर मऊ मसाला भरायचा, तो घट्ट झाला की अलगद ओढून काढायचा. कानाच्या आतला आकार हातात येतो. मग प्लास्टर, मग ॲक्रिलिक, मग कुकर. पुढचं सगळं कवळीसारखंच.

या साच्यांत एक खोड होती. साचा जरा सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं. म्हातारी माणसं जेवायला बसली की शिट्ट्या सुरू. मला ते नवल वाटलं नाही. कानात करंगळी घाला आणि तोंड उघडून मिटून बघा, आतली भिंत हलते. जबडा हलला की कान हलतो. कवळी करताना आम्ही माणसाला नुसतं बसवत नाही, मेणाची कड चावायला देतो, बोलायला लावतो, तोंड मोठं उघडायला लावतो. तेच मी कानांच्या मापाला केलं. दातांत मेणाचा ठोकळा देऊन तोंड उघडं ठेवून माप घ्यायचं. पुढे कळलं की बाहेरदेशी ही पद्धत जुनीच आहे, कागदांत छापलेली असते. मला कागद कुठला मिळायला? मी माझ्या सवयीने केलं आणि ते बरोबर निघालं.

अशा एका साच्यावर खूश झाल्या त्या अलोऱ्याच्या काकू. त्यांचे यजमान कोयना प्रकल्पात होते, उभा जन्म अलोऱ्याच्या वसाहतीत गेला, आणि निवृत्तीनंतर ती दोघं रत्नागिरीत येऊन राहिली होती. काकूंचं यंत्र शिट्टी मारायचं थांबलं. दिवाळीला मुंबईहून मुलगा आला, त्याला घेऊन त्या माझ्या गाळ्यावर हजर. मुलगा गाण्याच्या कार्यक्रमांना साउंड पुरवायचा, मोठमोठे स्टेज करायचा. त्याने आईच्या कानातला साचा काढून उजेडात धरला, उलटसुलट केला, आणि खिशातून एक लहानशी चपटी डबी काढली.

डबीत कानांची जोडी होती. पारदर्शक, आत तारा आणि मुगाच्या दाण्याएवढे स्पीकर. त्याने समजावून सांगितलं. स्टेजवर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायाशी मोठे स्पीकर ठेवलेले असतात, त्यांच्या गदारोळात सूर सापडत नाही आणि कानही जातात. त्याऐवजी आता हे कानात घालायचं. ज्याचं त्याच्या मापाचं, दुसऱ्याला बसत नाही. आत फक्त हवं तेवढंच ऐकू येतं. मुंबईतले मोठे गाणारे, वाजवणारे आता हेच मागतात. मापं परदेशात पाठवायची, तिकडून जोडी यायची, बसली नाही तर परत पाठवायची. त्यात सीझन निघून जातो. म्हणून त्याने ठरवलं होतं की स्पीकर आणि तारा बाहेरून आणायच्या, जोडणी मुंबईत करायची, आणि वरचं कवच इथेच करून घ्यायचं.

मी सवयीने विचारलं, "केवढ्याला?"

त्याने सांगितलं. मी स्टुलावर बसलेलीच होते म्हणून बरं. त्या पैशात आमच्या घरात फ्रीज आला असता आणि वर रंगीत टीव्ही. मी ती जोडी तळहातावर घेतली. वजनाला वालाच्या दाण्यांपेक्षा थोडी जास्त. ह्यात आहे काय एवढं, असं माझ्या तोंडून निघूनच गेलं. तो हसला आणि म्हणाला, वहिनी, कवचाचं काय घ्याल ते सांगा.

मी वडिलांच्या पद्धतीने हिशेब केला. माल, गॅस, मजुरी, चिमूटभर. काम नाजूक म्हणून चिमूट जरा मोठी घेतली. आकडा सांगितला आणि तो कमी करायला म्हणेल म्हणून वाट बघत राहिले. तो लगेच बरं म्हणाला. मापं पाठवतो म्हणाला आणि आईला घेऊन गेलासुद्धा.

संध्याकाळपर्यंत मी खुशीत होते. येताना बोंबील घेतले, सासूबाईंना सांगितलं, मुंबईचं काम मिळालं. त्यांनी विचारलं, त्याने किती घासाघीस केली? मी म्हटलं, काहीच नाही. त्या बोंबील साफ करता करता थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग तू फसलीस."

मला राग आला, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या गावात जो भाव करत नाही तो एकतर खुळा असतो नाहीतर त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि अलोऱ्याच्या काकूंचा मुलगा खुळा नव्हता.

मापं येऊ लागली. मी पहिल्याच खेपेला निरोप धाडला की दातांत ठोकळा देऊन, तोंड उघडं ठेवून घेतलेलं मापच घेईन, नाहीतर पार्सल परत. त्याने मुंबईत तसं करायला लावलं. मी कवचं करून पाठवत गेले, ती बसत गेली. बरोबर कोकमाचं आगळ पाठवायची, फेब्रुवारीत पहिल्या कैऱ्यांचं लोणचं पाठवलं. माल पाठवताना रिकामा कसा पाठवायचा? काम वाढलं, हात मोडून आले, आणि महिनाअखेरीला बघते तो भाडं निघून उरलेलं तेवढंच, जेमतेम आधीपेक्षा थोडं बरं. नवऱ्याने फोनवर विचारलं की मे महिन्यात सामान ट्रकने आणायचं का एसटीने. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मला मात्र रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

मार्चमध्ये रत्नागिरीत एका गायिकेचा मोठा कार्यक्रम होता. साउंड काकूंच्या मुलाचाच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी गणपतीपुळ्याला दर्शन करून ही मंडळी परत येताना माझ्या गाळ्यावर थांबली. बाईंकडे परदेशातून करून आणलेली जोडी होती. दोनदा परत पाठवून दुरुस्त केलेली, तरी वरच्या सुरात गेल्या की उजवा कान सैल पडायचा, बाहेरचा गोंगाट आत शिरायचा, आणि त्यांना कानावर बोट दाबून गावं लागायचं. उद्याही तसंच होणार म्हणून त्या इतक्या वैतागल्या होत्या की चहा पुढे केला तर हातसुद्धा लावला नाही.

मी त्यांना खुर्चीत बसवलं, मेणाचा ठोकळा दातांत दिला आणि तोंड वरच्या सुराला उघडता तेवढं उघडा म्हटलं. बाई बिचाऱ्या आ वासून बसल्या, आणि गाळ्याच्या दारात त्यांना बघायला गर्दी जमली ती मी हाकलली. उजव्या कानाचं नवीन कवच दुसऱ्या दिवशी दुपारी तयार केलं, त्याच्या माणसाने आतला माल जुन्यातून काढून नव्यात बसवला. कार्यक्रमाला मी आणि सासूबाई स्टेजच्या बाजूला बसलो होतो. बाई गायल्या. वरच्या सुरात गेल्या आणि हात कानाकडे गेला नाही. एकदाही नाही. माझे डोळे भरून आले. गाणं कुठलं चाललंय ते मला कळत नव्हतं, मी नुसती त्यांच्या हाताकडे बघत होते.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी त्याला तिथेच सांगितलं की डावाही ह्यांच्याकडूनच, आणि दुसरी एक अख्खी जोडी जादा. त्याने भाव सांगितला. परदेशी जोडीपेक्षा थोडा कमी, फार नाही. बाईंनी मान हलवली आणि विषय संपला. मी तिथेच उभी होते. माझं नवल गेलं आणि त्याच्या जागी कुतूहल आलं. दुसऱ्या दिवशी त्याला आणि काकूंना घरी आंबोळ्या खायला बोलावलं आणि चटणी वाढता वाढता सरळ विचारलं, ही किंमत तुम्ही लावता तरी कशी?

तो मोकळा माणूस, त्याने लपवलं नाही. म्हणाला, आतल्या मालाचा खर्च त्या किमतीचा लहानसा वाटा. तुमचं कवच त्याहून लहान. जोडणाऱ्याची मजुरी आहे, जकात आहे. पण किंमत तिथून सुरू होत नाही. आधी परदेशी कंपनी काय घेते ते बघायचं, ती वरची भिंत. त्या भिंतीच्या जरा खाली राहायचं, पण फार खाली उतरायचं नाही. पहिल्यांदा त्याने एका कीबोर्डवाल्याला अगदी स्वस्तात देऊ केली होती, तर त्याने ती नकली असणार म्हणून घेतली नाही. मग तीन प्रकार ठेवायचे. एका स्पीकरची, दोन स्पीकरची, तीन स्पीकरची. तिसरीची किंमत अशी ठेवायची की दुसरी रास्त वाटावी. बहुतेक जण दुसरीच घेतात, आणि ती खपवण्यासाठीच तिसरी दुकानात असते.

आणि सगळ्यात मोठा वाटा, म्हणाला, परत येणाऱ्या जोड्यांचा. काही जोड्या बसत नाहीत. त्या पुन्हा फुकट करून द्याव्या लागतात, कुरियर आपला, वेळ आपला. तो सगळा खर्च आधीच प्रत्येक जोडीच्या किमतीत घालून ठेवायचा. गिऱ्हाइकाला तोच भरवसा हवा असतो. मग पाण्याचा घोट घेऊन तो म्हणाला, "वहिनी, मी वस्तूचे पैसे घेत नाही. न बिघडलेल्या कार्यक्रमाचे घेतो."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. टोचली तर या, घासून देईन! अहो, हा माणूस ज्याचे फ्रीज आणि टीव्हीएवढे पैसे घेत होता ते मी आयुष्यभर लोकांना वर घालून देत होते. मला हसावं का रडावं कळेना. मी विचारलं, माझ्या कवचांतली किती परत आली?

तो म्हणाला, अजून एकही नाही.

पुढचं मी विचारलं नाही, पण तो समजला, कारण त्याने आंबोळी अर्धी टाकून घड्याळ बघितलं. परत येणाऱ्या जोड्यांचे पैसे तो गिऱ्हाइकाकडून घेत होता आणि जोड्या परत येत नव्हत्या. मग ते पैसे राहत होते कुणाकडे? त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. भाव मीच सांगितला होता.

चार दिवस मी विचार केला. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत एकटी जाऊन बसले एक संध्याकाळ, घरी बसून डोकं चालत नव्हतं. आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा माल, गॅस, मजुरी बाजूला ठेवून किंमत लावली. आधीच्या भावाच्या सहापट. अट अशी की कलाकाराचं माप मीच घेईन. ज्यांना जमेल ते रत्नागिरीला येतील, बाकीच्यांसाठी महिन्यातून एकदा मी मुंबईला जाईन. आणि माझं कवच बसलं नाही तर दुसरं फुकट, कुरियर माझा, आणि आतला माल काढून बसवायची मजुरीही माझी. परत येण्याची जोखीम सगळी माझ्या अंगावर. त्या जोखमीचे पैसेही मग माझे.

फोनवर मी त्याला हे सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "वहिनी, मुंबईत कवळ्या करणारे गल्लोगल्ली आहेत."

"मग जा की गल्लोगल्ली," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ठेवला खरा, पण तो परत वाजेल म्हणून तिथेच उभी राहिले. सासूबाई देवघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, होतं तेवढंही घालवलंस. नवऱ्याने फोनवर एवढंच म्हटलं, की बरं, मग सामान ट्रकनेच आणू. मार्च संपला, एप्रिल आला, मुंबईचं एकही पार्सल नाही. मी कवळ्या करत राहिले. घासायला येणाऱ्यांना घासून देत राहिले. आता त्याची किंमत मला माहीत होती, आणि ती आपल्या माणसांना माफ करायची हे मी माझं ठरवलं होतं. इतके दिवस ते नुसतं चालत आलं होतं. गाळ्याच्या मालकाला मात्र मी सोडते म्हणून सांगितलं नाही. सासूबाई रोज विचारायच्या, सांगितलंस का? मी म्हणायची, सांगेन.

आंबे उतरायला लागले तेव्हा अलोऱ्याच्या काकू आल्या. त्यांनी मुलाची बातमी सांगितली. त्याने मुंबईत एकाकडून कवचं करून घेतली होती. काम वाईट नव्हतं, पण घाईतलं होतं. काही बसली, काही परत आली. गायिकाबाईंना त्यातली जोडी दिली ती त्यांनी कानात घातली, एक आलाप घेतला आणि काढून टेबलावर ठेवली. रत्नागिरीच्या बाईंनी केलेली असेल तर पाठवा, नाहीतर राहू दे, एवढंच बोलल्या. काकूंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता, मुलाचं नुकसान ते. मी त्यांना सरबत दिलं आणि हसू दाबायला आत गेले.

दोन-चार दिवसांत तो स्वतः आला. ह्या वेळी गाळ्यावर नाही, घरी. सोफ्यावर बसला, सासूबाईंच्या पाया पडला, आणि मग सुरुवात केली. सहापट फार होतं, चौपट करूया. अटी सगळ्या मान्य. चौपटीतही गाळा उभा राहत होता! हो म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. मला भाव कमी करायची सवयच होती, हाडात भिनलेली. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. त्या दारात बसून फणसाचे गरे काढत होत्या, हाताला तेल लावलेलं, मान खाली. मला वाटलं होतं त्यांचं लक्षच नाही. "चौपट देतोस तर दे," त्या त्याला म्हणाल्या, "पण मग परत आलेलं फुकट नाही करायची ती. ते तुझं तू बघ."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दिवाळीपासून मला 'फसलीस' म्हणणाऱ्या ह्या बाईने आंबोळ्या करता करता त्या दिवशीचं सगळं बोलणं ऐकलं होतं, आणि किमतीत काय काय असतं ते माझ्याहून आधी तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. जोखीम कुणाची आणि पैसे कुणाचे, एवढाच तिचा प्रश्न. त्याने एक गरा उचलून तोंडात टाकला, बी हातात धरून थोडा वेळ बसला, आणि मग मोठ्याने हसला. म्हणाला, आजी, तुम्ही माझ्या कंपनीत या. सासूबाई म्हणाल्या, पगार सांग आधी.

सहापट भाव ठरला. त्याने तिथेच पुढच्या कामाचे थोडे पैसे आगाऊ दिले. मी ते देवापुढे ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन, कुणी बघत नाही असं बघून, दोन्ही हात वर करून एक उडी मारली. सासूबाईंनी बघितलं. त्यांनी गऱ्यांचं ताट माझ्यापुढे सरकवलं.

त्यानंतर मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी मापांची पेटी घेऊन जायची आणि रविवारी परत यायची. मोठमोठी माणसं माझ्यासमोर मेणाचे ठोकळे चावत आ वासून बसली, आणि मी त्यांना सांगायची, अजून उघडा, लाजू नका. एखादं कवच परत यायचं, नाही असं नाही. आलं की मी बिनबोभाट नवीन करून द्यायची, त्याचे पैसे मी आधीच घेतलेले असायचे. कुणी भाव कमी करायला सांगितला तर मी फोन सासूबाईंच्या हातात द्यायची.

त्याच मे महिन्याच्या अखेरीस नवरा आला तो ट्रकवाल्याचा नंबर खिशात घेऊनच. मी त्याला गाळ्यावर नेलं, नव्या कामाचा पसारा दाखवला, महिन्याला काय उरेल ते सांगितलं. त्याने दोनदा विचारलं. मग खुर्चीत बसून राहिला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्याला एवढं थकलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मुंबईत एकट्याने काढलेली सगळी वर्षं त्याच्या खांद्यांवर दिसत होती, आणि मी इतके दिवस फक्त माझं जाणं बघत होते.

"मग तू येत नाहीस?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्हीच या."

त्याने निवृत्तीचा अर्ज दिला. गणपतीला मुंबईची सगळी माणसं आली, वाडीत दिवे लागले, घराघरात भजनं झाली. विसर्जन झालं आणि ती सगळी माणसं बॅगा उचलून स्टेशनवर गेली. आमच्या घरातून ह्या वेळी कुणीच गेलं नाही.